दम आहे तेवढी ओळ

मोर्चासाठी दणदणीत आवाजाचा माउथ ऑर्गन घ्यायला मी गढा भागातल्या वाद्यांच्या दुकानात गेले होते. शेजारी एक म्हाताऱ्या बाई तसलाच, दुहेरी पट्ट्यांचा, वाजवून पाहत होत्या. प्रत्येक ओळ अर्ध्यातच तुटत होती.

"माताजी, अब रहने दो," दुकानदार म्हणाला.

मी उसळले. "काहून राहू द्यावं त्यांनी?"

"भांडू नको, बेटा. एकच फुफ्फुस उरलंय माझं, याले हवा लय लागते." त्यांनी एकेरी पट्टीचा छोटा उचलला. "दम आहे तेवढीच ओळ घेईन, पण गाणं पुरं करीन."

श्वासासाठी त्या थांबल्या की वाटे, संपलं. मग पुढचा सूर अलगद यायचा. गाणं पुरं झालं तेव्हा दुकानदार उभा राहिला होता आणि मला एकही घोषणा आठवत नव्हती.