पांढरी पट्टी

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, मामाला नाही, हॉस्टेलमधल्या त्या एका मैत्रिणीलाही नाही – जिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि तलासरी-डहाणूकडे गाडी चालवत असाल, तर माझ्याबद्दल एकच गोष्ट ऐकली असेल: हायवेवरच्या गॅरेजमधली ती मुलगी, जिने लाल गाडीच्या ब्रेकचा दोष शोधला.

ती गोष्ट खरी आहे. दोष मीच शोधला. मग कबुली कसली? – थांबा, येते तिथवर. मला वेळ लागतो.

गॅरेज मामाचं, तलासरीला हायवेला लागून. मी डहाणूची, इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला आणि २०१६ साली मामाने मला तिथे बसवलं, कारण त्याने गाड्या तपासायचा स्कॅनर घेतला होता आणि त्याच्या पडद्यावर सगळं इंग्रजीत यायचं. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, पडदा वाचायचा, बाहेरच्यांना मराठीत सांगायचं, बिलं करायची. गाडीला हात लावायचा नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच कोणाला वाटली नव्हती. मी काचेतून बघत बसे. बघून बघून मला कोण कुठला पाना कुठे विसरतो तेही पाठ झालं होतं.

सगळ्यात जास्त मी बघे जानूदादाकडे. सायवनजवळच्या पाड्यावरचा, गॅरेजमधला सगळ्यात जुना मिस्त्री. गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी तो मालकाला विचारायचा, "कुठल्या रस्त्याला होतं?" काय होतं ते नाही – कुठल्या रस्त्याला. लोक हसायचे. मी ते मनात लिहून ठेवलं होतं.

गॅरेजचा एक नियम होता. दुरुस्त केलेली गाडी तक्रार घेऊन परत आली, की मामा विचारायचा, "शेवटचा हात कोणाचा?" ज्याचा असेल त्याची ती गाडी, दोष निघेपर्यंत त्याला दुसरं चांगलं काम नाही. आणि खंडेनवमीला, पाने-जॅक मांडून हत्यारांची पूजा व्हायची तेव्हा, ज्याच्या हातच्या गाड्या वर्षभरात सगळ्यात कमी परत आल्या तो नारळ फोडायचा. ऐकायला छोटं वाटतं ना? पण नारळ फोडणारा पुढचं वर्षभर मुख्य. कुठली गाडी कोणी घ्यायची ते तो ठरवणार. मामाने गॅरेज काढल्यापासून तो नारळ जानूदादाच फोडत आला होता.

लाल गाडी हेमंतशेठची. डहाणूला त्यांचा फुग्यांचा कारखाना. मुंबईहून हौसेने जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती – दोन सीटची, जमिनीला टेकलेली. जानूदादा पहिल्यांदा तिच्याभोवती फिरला आणि म्हणाला, "शेठ, हिच्यात बसायचं का निजायचं?"

तिचा एबीएसचा दिवा लागून राहिला होता. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. दिवा लागला की ती बंद, आणि मग ओल्या रस्त्यावर तुमचं नशीब. मी स्कॅनर लावला. पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर समुद्राच्या खाऱ्या हवेने गेला होता. नवा मागवला, जानूदादाने बसवला, हायवेवर चक्कर मारून आणली. दिवा विझला. त्या दुपारचं मी अजून सगळं सांगितलेलं नाही, हे मला माहीत आहे.

पंधरा दिवसांत गाडी परत. दिवा लागतो, गाडी बंद करून चालू केली की विझतो, मग दोन दिवस काही नाही. मामाने विचारलं, शेवटचा हात कोणाचा? जानूदादा म्हणाला, माझा.

त्याने काय नाही केलं. गाडी जॅकवर चढवून वायर हलवून बघितली, जोड साफ केले, फ्यूज बदलले. स्कॅनरवर दर वेळी तेच पुढचं डावं चाक. पण सेन्सर तर नवा, आणि जॅकवर सगळं ठीक. मग एकदा रानशेतच्या वळणावर हेमंतशेठनी ब्रेक दाबला तेव्हा दिवा लागलेला होता. चाक जाम झालं, गाडी घसरत जाऊन शेताच्या बांधाला टेकली. शेठना खरचटलंही नाही. पण ते गॅरेजमध्ये येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "जानू, मी फुगे बनवतो रे. माझी चूक झाली तर फक्त फुगा फुटतो." कारखान्याचे सगळे टेम्पो दुसरीकडे न्यायची धमकी देऊन गेले. मामाने जानूदादाला गाड्यांवरून काढून ट्रॅक्टरच्या दुरुस्तीवर लावलं.

आणि मी? मी त्या दिवशी पहिल्यांदा केबिनमधून बाहेर येऊन सगळ्यांदेखत बोलले. शेठना फोन लावला आणि विचारलं, "कुठल्या रस्त्याला होतं?"

ते गोंधळले. मग म्हणाले, "हायवेला कधीच नाही, बेन. आत सायवनकडे माझं काम असतं ना – तिकडे."

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसले. पडद्यावर चार चाकांचे चार वेग, चार रेषा, एकीला एक लागून पळणाऱ्या. हायवेला काही नाही. चारोटीवरून आत वळलो, सरळ रस्त्याला काही नाही. मग उजवं वळण आलं, सोबत एक खड्डा – आणि एक रेष खाली पडली. शून्य. लगेच वर. डावं वळण: काही नाही. पुन्हा उजवं, पुन्हा शून्य. मी शेठना म्हटलं, परत फिरवा. तेच वळण आम्ही चार वेळा घेतलं. चारही वेळा ती रेष पडली. काय वाटलं सांगू? आयुष्यभर मी वर्गात उत्तर माहीत असून हात वर न करणारी मुलगी. आणि इथे त्या रस्त्यावर मी मोठ्याने हसत होते. शेठही हसायला लागले, त्यांना काही कळलं नव्हतं तरी.

तुम्हाला कळलं? जॅकवर चाक लोंबतं आणि सरळ असतं. दोष फक्त चाक उजवीकडे वळलं आणि वरून वजन आलं की दिसणार. आम्ही सगळे चुकीच्या स्थितीत शोधत होतो.

गॅरेजमध्ये आल्यावर मी गाडी जमिनीवरच ठेवायला लावली. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे. सगळे गोळा झाले, ट्रॅक्टर सोडून जानूदादाही. मी चाकामागे बॅटरी मारली. सेन्सरची वायर ताणून तार झाली होती. ती चुकीच्या जागी, आखूड बांधली गेली होती; रोज ताणून आतली तांब्याची तार तुटली होती आणि वरचं रबर शाबूत. सरळ रस्त्याला टोकं टेकत, वळणावर सुटत. "वाह," मामा म्हणाला. मामा मला कधी वाह म्हणाला नव्हता. कोणीतरी पाण्याचा पाइप आणला, नीट दिसावं म्हणून. वायर बांधलेल्या जागेवरचा लाल चिखल धुतला गेला.

खाली प्लास्टिकची पट्टी होती. पांढरी.

गॅरेजमध्ये सगळ्या पट्ट्या काळ्या. पांढऱ्या फक्त माझ्या केबिनमध्ये होत्या, टेबलाच्या खणात, कॉम्प्युटरच्या वायरी बांधायला; माझ्याशिवाय त्या कोणाला ठाऊक नव्हत्या.

हो. त्या दुपारी जानूदादा नवा सेन्सर बसवून जेवायला गेला, वायर लोंबती ठेवून. बाकीचे टपरीवर. मी बाहेर आले. इतके दिवस बघत होते – एकदा करून बघावंसं वाटलं. वायर वर घेतली, पट्टीने बांधली, जादाचं टोक नेलकटरने कापलं, चाक चढवलं, हात धुतले, आत जाऊन बसले. कोणाला कळलं नाही. मला किती अभिमान वाटला होता, म्हणून सांगू. जानूदादाने येऊन बाकीचे नट आवळले आणि चक्कर मारली. म्हणून शेवटचा हात त्याचा.

त्याने पट्टीकडे बघितलं. "ही माझी नाही. मी जेवायला गेलो तेव्हा वायर लोंबत होती. आलो तर चाक चढलेलं."

"मग पट्टी काय आभाळातून पडली, जान्या?" मामा म्हणाला.

कोणीतरी हसलं. जानूदादाने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. एकेकाने मान हलवली. माझ्याकडे त्याने बघितलंच नाही – माझ्याकडे बघायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. मामाने मला विचारलं, "तू केबिनमध्ये होतीस ना? कोणाला बघितलंस?"

"नाही," मी म्हटलं.

तेवढंच. मी घाबरले होते का? नाही, घाबरले नव्हते. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि ते तसंच बघत राहावेत एवढंच मला हवं होतं.

त्या वर्षी खंडेनवमीला मामाने नारळ माझ्या हातात दिला. झेंडूचं तोरण, कुंकू लावलेले पाने, बाहेर ट्रकचे हॉर्न. जानूदादाने खाली दगड सरकवून दिला आणि म्हणाला, "जोरात मार, बाय. हळू मारलं की दोनदा मारायला लागतं." मी जोरात मारला. एका फटक्यात फुटला. टाळ्या वाजल्या. मला त्या टाळ्या आवडल्या. आजही आवडतात, त्या आठवल्या की पाठ ताठ होते. २०१७, १८, १९ – नारळ माझाच. आता गाड्या मी वाटते. डहाणूहून, उंबरगावहून लोक येतात. माझं काम चांगलं आहे.

जानूदादा ट्रॅक्टरवरून परत गाड्यांवर आला नाही. एका वर्षाने गॅरेज सोडलं. सायवनला रस्त्याकडेला पत्रा टाकून मोटारसायकली दुरुस्त करतो.

मागच्या महिन्यात तिकडून एक शिक्षक आले. ब्रेकचा दिवा कधी लागतो, कधी नाही. मी विचारलं, इतक्या लांब कसे आलात? म्हणाले, "जानू मिस्त्रीने पाठवलं. म्हणाला, दुसरीकडे जाऊ नका, त्या पोरीकडून चूक होत नाही."

मी त्यांना खुर्ची दिली. किल्ली घेतली. दुपारपर्यंत गाडी नीट करून दिली.