गोलपोस्ट आम्ही पुन्हा रोवले

चिखलीच्या कॉलेजात मी बरीच वर्षं मुलांना फुटबॉल शिकवतोय. एका उन्हाळ्यात प्राचार्यांनी मैदानावर पार्किंग करायचं ठरवलं आणि गोलपोस्ट उपटून भंगारात टाकायला लावले.

"इथं फुटबॉल पाहते कोण? क्रिकेट घ्या, तेही बाहेरच्या मैदानावर," ते म्हणाले.

"सर, मी फुटबॉलचा कोच आहे. काढायचं तर मला काढा."

दुसऱ्या दिवशी आमच्या कप्तानानं विचारलं, "सर, आता काऊन यायचं आम्ही?"

"खेळाले," मी म्हणालो.

गोलपोस्ट आम्ही खांद्यावरून आणून पुन्हा रोवले. प्राचार्यांची गाडी मैदानात शिरली, तेव्हा सराव चालू होता. त्यांनी हॉर्न वाजवला. पोरं थबकली.

"तिकडं पाहू नका बे, पास द्या!" मी ओरडलो.

संध्याकाळी मला मेमो मिळाला. सही करून घेतला. सराव मात्र एक दिवसही बंद ठेवला नाही. पार्किंग अजून झालेलं नाही.