मधल्या रेषेला हात

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघात सगळेच कबड्डी खेळून आलेले. मधली रेषा ओलांडली, की आम्ही चेंडू सोडून परत पळायचो. नवे सर कपाळाला हात लावायचे. "अरे बाबा, तिकडं कोन धरून राह्यलंय तुला? जा की पुढं!"

हंगामभर आमचा एकही गोल झाला नव्हता. शेवटच्या सामन्याला वडील मंठ्याहून माझं कॉलेज पहिल्यांदाच बघायला आले. त्यांच्यासमोर मला एक तरी गोल करायचा होता, आणि तो खरंच झाला. सर नाचले. वडील जागेवर बसूनच.

आनंदात पळत येऊन मी सवयीनं मधल्या रेषेला हात लावला, तेव्हा ते उठून ओरडले, "शाबास! सुटला आमचा पोरगा!"