कोंडीबाचा बदली

सोलापूरच्या गिरणीत रजेवर जाणाऱ्यानं आपल्या जागी बदली गडी द्यायचा, आणि द्यायचा तो आपल्यापेक्षा ढ, हा धडा नवा माणूस पहिल्याच वर्षी शिकायचा. चार दिवसांत सूत तुटून तुटून जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, रडकुंडीला आला, की आपली जागा शाबूत! मी नेमानं असाच ठोंब्या शोधून द्यायचो. माझ्या शेजारच्या मागांवरच्या कोंडीबाला मात्र ते जमेना. "माजं माग कुनाच्या बी हातात द्येऊ व्हय?" म्हणत त्यानं खात्यातला सगळ्यात तरबेज उमेदवार, श्रीमंत नावाचा पोरगा, आपल्या मागांवर उभा केला. मी परोपरीनं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी!

बत्तीस सालच्या उन्हाळ्यातल्या त्या रजेत आम्ही दोघं आठवडाभर कोंडीबाच्या थोरल्या बहिणीकडं, अंबुबाईकडं गेलो. भीमेचं पाणी ओसरलं की पात्रात वाळूचं लांबट बेट उघडं पडायचं. तिथं ती कलिंगडं लावायची आणि पावसाळ्यापर्यंत खोपटात राहायची. मी निघालो तो फुकटच्या कलिंगडांसाठी, हे कबूल करतो.

कोंडीबा नुसता पडून असायचा. वीस वर्षं दोन मागांमध्ये उभा राहिलेला माणूस. पाय सुजलेले, डोळे खोल गेलेले. पहिले दोन दिवस तर तो जेवायलाही धड उठला नाही. शेवटच्या दुपारी तो ओल्या वाळूवर पाय पाण्यात सोडून उताणा पडला होता. अंबुबाई कलिंगडाची फोड घेऊन आली.

"उंद्या जायाचंच का रं?"

"जायाला पायजेच की, आक्का. पर अंग न्हाय म्हनतंय. आजून चार दिस असंच पडावं वाटतंय बग."

"मग ऱ्हा की. तुला कोन उटवतंय?"

"आन् माग?"

घरी दोन दुभत्या म्हशी सोडून आल्यासारखा तो मागांबद्दल बोलायचा. मला त्याची दयाही यायची आणि रागही. ते बेट सोडायचं माझ्याही जिवावर आलं होतं. पण माझी जागा माझ्या ठोंब्यानं राखली होती.

उन्हं कलल्यावर गुडघाभर पाण्यातून कुणीतरी येताना दिसलं. श्रीमंतच होता. कोंडीबा धडपडत उठला.

"माग कसं चालत्यात?"

"झ्याक, नाना. धोटा एकदा बी अडाकला न्हाय."

"डाव्याचा पट्टा सैल हुता—"

"वढून घेतला."

कोंडीबाचा चेहरा उजळला. "बगितलंस? ह्येला म्हन्त्यात गडी!" असं त्यानं मला सुनावलंसुद्धा. श्रीमंत खाली बघत उभा होता.

"नाना, जॉबरनं मलाच कायम केलं. तुमी येऊ नगासा, असा निरोप हाय. खोटं कशाला बोलू, मी नको म्हनलो न्हाय."

"आता ऱ्हा हितं, हवं तितकं," अंबुबाई हळूच म्हणाली. मृग लागला की ते बेट पाण्याखाली जातं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

कोंडीबा चिडला नाही. मटकन खाली बसला. गिरणीच्या खडखडाटात जन्म गेलेला माणूस. हळू बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

"मग मी आता कुटं जाऊ रं?" त्यानं विचारलं, आणि ते नदीच्या दोन्ही काठांवर ऐकू गेलं.