वडिलांचा मोतीबिंदू आणि बदामचा राजा

वडील बांधावर उभे राहून कुणाला तरी दम देत होते. "कोण हाय रे? ज्वारीतून आडवं जायचं नाय, सांगून ठेवतो!"

समोरचा माणूस हललासुद्धा नाही. शहरातल्या मुकुंदवाडीहून मी रविवारची गावी आले होते. दौलताबादच्या पलीकडं आमचं गाव. पिशवी खाली ठेवून पाहते तर तो माणूस म्हणजे आमचंच बुजगावणं, आणि त्याच्या अंगात वडिलांचाच जुना सदरा!

"सकाळपासून दुसऱ्यांदा भांडायलेत त्याच्याशी," आई म्हणाली.

मग एकेक उलगडत गेलं. पेपरात काही दम राहिला नाही म्हणून त्यांनी पेपर बंद केला होता. लग्नाकार्याला जाणं सोडलं होतं. सख्ख्या भाच्याला ओळखलं नाही, तेव्हा पाहुण्यांत 'मामाला गर्व चढला' अशी बोलणी झाली होती. ते त्यांना लई लागलं होतं. पण दिसत नाही हे कबूल करणं त्याहून जड.

"मला समदं दिसतं," ते ठणकावून म्हणाले.

"व्हय? मग आज तुमच्याऐवजी त्या बुजगावण्यालाच जेवायला वाढते," आई म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात शहरात वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच दिवशी ते काळा चष्मा लावून थेट पत्ते खेळायला निघाले. त्यांचे जिवलग दोस्त म्हणजे गावचे टेलर. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. दोघांचा सात-आठचा डाव रोज दुपारी चाचांच्या ओट्यावर रंगायचा. मीही सोबत गेले.

चाचांनी जोरात पान आपटलं. "ये लो, बदाम का राजा!"

वडिलांनी पान उचललं, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं. "अरे, हा चौकटचा हाय."

"कल तक तो चलता था," चाचा म्हणाले.

मग चाचांच्या सुनेनं सांगितलं, की सुईत दोरा ओवता येईना म्हणूनच त्यांनी मशीन तिच्या हवाली केली होती. म्हणजे वर्षभर दोघंही एकमेकांनी सांगितलेलं पान निमूट खरं मानत होते! ओट्यावर हसून हसून आमची पुरेवाट झाली. चाचा मात्र मान खाली घालून पत्ते पिसत राहिले.

वडिलांनी त्यांचा हात धरला. "उद्या सकाळी तयार राहा. मी येतो संगं."

"डर लगता है, यार."

"मलाबी लागलं व्हतं. कुणाला सांगू नको."

चाचांची पट्टी निघाली तेव्हा वडील समोरच बसले होते. चाचांनी त्यांना नीट न्याहाळलं. "अरे, तू तो बुड्ढा हो गया रे!"

"अन् तू कोणता नवरदेव हायस?"

त्यानंतरच्या पहिल्याच डावाला वडील सलग तीनदा हरले. पत्ते लई मळलेत, असं म्हणून तरातरा घरी निघून आले.