दत्तूच्या गाडीतला जेट

दत्तू मिस्त्रीवर मी आयुष्यभर जळलो. आज सकाळी तो गेला. माझं जळणं काही गेलं नाही.

सत्त्याण्णव वर्षांचा आहे मी, एका बोटाने टाईप करतोय. चुका पोटात घाला.

सी.पी.चा, म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा जमाना, इंग्रज निघायच्या तयारीत. सीताबर्डीच्या एका गॅरेजमध्ये दत्तू आणि मी मिस्त्री होतो, दोघेही विशीला टेकलेले.
त्याला काम यायचं. मला जास्त यायचं.
पण गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "दत्तू कुठी आहे?"

आमच्या मालकांना आम्ही बापू म्हणायचो. विलायतेला परतणाऱ्या साहेबांच्या दोन जुन्या गाड्या त्यांनी घेतल्या. छोट्या, दोन सिलिंडरच्या, एअर-कूल्ड. रेडिएटर नाही, पाणी नाही, इंजिन थंड होणार ते फक्त वाऱ्यावर. आणि महिना नागपूरचा मे.

एकेक गाडी आम्हाला दिली. सेमिनरी हिलची चढण जो टॉप गिअरमध्ये घेईल, तो हेडमिस्त्री.

"कार्बोरेटर पाहिजे तेवढे लावा गा," बापू म्हणाले. "ताकद निघन. पण तापलं त थंड कोण करन?"

मी कशाला ऐकतो. एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले. पॉवर अशी आली की अख्खं गॅरेज बघायला उभं राहिलं.

दत्तूने एकच ठेवला. फक्त त्यातला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारा भोकाचा छोटा स्क्रू, बदलून मोठ्या भोकाचा टाकला. पेट्रोल जास्त गेलं की इंजिन जरा थंड राहतं.
डोकं चालवलं होतं त्याने. तेच मला सहन झालं नाही.

चढणीच्या दिवशी दुपारी सगळे डबे खायला बसले. मी त्याचा जेट काढला आणि लहान लावला. अर्ध्यात तापून बंद पडेल, असा माझा अंदाज.

आधी माझी गाडी. अर्ध्या चढणीवर तापून पिस्टन जाम.

मग दत्तूची. एकदाही न अडखळता थेट माथ्यावर.
त्याचा जेट जरा जास्तच मोठा होता, त्यावर इंजिन पेट्रोलने गुदमरलं असतं. मी लावलेला नेमका बसला.

"काय केलं गा तुनं?" बापूंनी विचारलं.
दत्तू नुसता हसला.

तो हेडमिस्त्री झाला. पुढे सक्करदऱ्याला स्वतःचं गॅरेज काढलं. कार्बोरेटरला हात लागावा तर दत्तूचाच, असं लोक म्हणायचे.
तो हात माझा होता. पण हे सांगायचं तर हात कशासाठी घातला, तेही सांगावं लागलं असतं.
म्हणून गप्प बसलो. पंचाहत्तरच्या वर वर्षं.

मागच्या आठवड्यात त्याला भेटायला गेलो. पडल्या पडल्या म्हणाला,
"त्या दिवशी जेट कोणं बदलला, मले अजून माईत नाई गा. मागून खोलून पाह्यला त लहान निघाला. म्या कोणाले सांगतलं नाई. दुसऱ्याच्या हातचं नाव जिंदगीभर खाल्लं म्या."

मी समोरच बसलो होतो.
"पाणी देऊ काय?" एवढंच बोललो.

खरं बोलण्यातही तो माझ्या आधी पोचला. घरी येईपर्यंत त्याच्या त्या खरेपणाचाही हेवा करत होतो.

दत्तू, जेट मी बदलला होता. तुझी गाडी बंद पडावी म्हणून.
तू विषय काढलास तेव्हा सांगायला हवं होतं. आता हे लिहून तुझ्या लेकरांना सांगतोय.

तू शांत झोप गा. माझं मी पाहतो.