सरळ बुडवणारे दाजी

कुठलीही वस्तू पातळ पदार्थात कशी बुडवावी हे सबंध हैदराबादेत फक्त आमच्या दाजींना कळत होतं, असं दाजींचं ठाम मत होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाळानगरला त्यांची भट्टी होती. तिथे गिअर आणि शाफ्ट लालबुंद तापवायचे आणि तेलाच्या टाकीत बुडवून टणक करायचे. लांब, बारीक शाफ्ट तेलात अगदी उभा सोडावा लागतो. जरा कलला की एक बाजू आधी गार होते आणि तो वाकतो. हे तत्त्व दाजींनी भट्टीवरून मलकपेठच्या घरी आणलं. चकली तेलात आडवीच सोडायची असते, हे अक्काला त्यांना दर दिवाळीला नव्याने पटवावं लागे. एकदा हुसेनसागरावर विसर्जनाच्या वेळी ते क्रेनवाल्यावर ओरडले, "अरे मियाँ, सीधा छोडो! तिरछा नक्को!" त्या बिचाऱ्याने घाबरून गणपती पुन्हा वर घेतला. मागच्या मंडळांनी आमचा जो उद्धार केला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

पुढे देशाचा बाजार खुला झाला, तयार माल बाहेरून येऊ लागला आणि दाजींची गिऱ्हाइकं आटली. भट्टी बंद पडायच्या बेतात असताना रोबोटचे हात बनवणारी एक नवी कंपनी चौकशीला आली. त्या हातांच्या सांध्यातले गिअर आणि शाफ्ट टणक करून हवे होते. नमुना पास झाला तर भट्टी वाचणार होती.

कंपनीचे साहेब स्वतः आले. मीही हौसेने गेलो होतो. गिअर झकास उतरले. मग दाजींनी लालभडक शाफ्ट तारेला लटकवला, श्वास रोखून टाकीत सोडायला घेतला, आणि नेमकं तेव्हाच साहेबांनी उस्मानिया बिस्किट चहात तिरकं घातलं.

"सीधा, साहब, सीधा!" म्हणत दाजी गर्रकन वळले. बिस्किट वाचलं. शाफ्ट मात्र केळ्यासारखा वाकून वर आला. साहेब सज्जन होते, चहा संपवून गेले. पुन्हा आले नाहीत.

"अहो, बुडवू द्यायचं होतं त्यांना कसंही!" अक्का कपाळावर हात मारून म्हणाली.

"डोळ्यांसमोर वाकत होतं ना ते, क्या करूं?" दाजी म्हणाले.

भट्टी विझवून आठवडा झाल्यावर मी त्यांना घरी न्यायला गेलो. कुलूप लावायचं तेवढं राहिलं होतं. दाजी भट्टीच्या विटांवर तळहात टेकून बसले होते. मला फार वाईट वाटलं.

"चला दाजी, अक्का जेवायची थांबलीय."

त्यांनी माझा हात ओढून विटांवर ठेवला. "बघ, अजून ऊब आहे. जरा थांबू."

विटा थंडगार होत्या. "हो, आहे थोडी," मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारी बसलो.